नामानंतरचं ‘ओन्ली’ आणि लाल शाई

इंग्रजीचा पेपर तपासताना ‘ओन्ली’ नामानंतर आलेलं दिसलं की लाल पेन आपोआप चालू लागतं. ‘आय ड्रिंक टी ओन्ली’, ‘ही कम्स ऑन मंडेज ओन्ली’ अशा वाक्यांपुढे शेरा ठरलेला: हे भारतीय इंग्रजी झालं, ‘ओन्ली’ त्या शब्दाच्या आधी घाला. स्पोकन इंग्लिशच्या वर्गात तर या शब्दावर हमखास हशा पिकवला जातो. गंमत अशी की ज्यांची ती मायबोली, त्यांच्याच दारांवर ‘स्टाफ ओन्ली’ असतं, मलमाच्या नळीवर ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ असतं, संगणकातली फाइल ‘रीड ओन्ली’ असते, आणि कुणीही ते खोडून ‘ओन्ली स्टाफ’ करायला जात नाही.

तेव्हा शिकवला जातो तो नियम अर्धाच आहे. नामानंतर ‘ओन्ली’ येणं ही इंग्रजीची स्वतःची, जुनी आणि रुळलेली रीत आहे. मराठी माणसाच्या इंग्रजीत खरोखर चुकतं ते दुसरंच काही. एक तर आपण ‘ओन्ली’ला ‘च’ समजून ‘च’ची सगळी कामं त्याच्या गळ्यात मारतो. दुसरं म्हणजे ‘च’ जसा आधीच्या शब्दाला चिकटतो तसं ‘ओन्ली’ही चिकटेल असं धरून चालतो. या दोन चुका पकडायच्या सोडून नुसती जागा बघून गुण कापले जातात, आणि त्यात बरोबर वाक्यं मार खातात, चुकीची सुटून जातात.

आधी ‘भारतीय’ या आरोपाचं बघू. 1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘मनुष्य केवळ भाकरीने जगणार नाही’ या वचनात ‘बाय ब्रेड अलोन’ आहे. याकोबाच्या पत्रात ‘नुसत्या विश्वासाने नव्हे’ याला ‘नॉट बाय फेथ ओन्ली’ आहे आणि वचन नुसतं ऐकणारे होऊ नका, या अर्थी ‘नॉट हिअरर्स ओन्ली’ आहे. तिन्हीकडे मर्यादा घालणारा शब्द नामानंतर. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या भाषांतरकारांवर भारतीय इंग्रजीचा संस्कार झाला होता असं कुणी म्हणणार नाही.

मग ‘आधी घाला’ हा नियम आला कुठून? 1762 साली रॉबर्ट लाउथ या इंग्रज धर्मगुरूने इंग्रजीचं एक छोटं व्याकरण लिहिलं. त्यात ‘आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्स’ या वाक्यावर आक्षेप आहे. मी तीनच शब्द बोललो असं म्हणायचं असेल तर ‘आय स्पेक ओन्ली थ्री वर्ड्स’ म्हणा, असं लाउथचं म्हणणं. नीट पाहिलं तर त्याची तक्रार क्रियापदाआधी आलेल्या ‘ओन्ली’बद्दल होती. नामानंतरच्या ‘ओन्ली’वर हा नेम नव्हताच. पुढच्या शालेय पुस्तकांनी ‘संबंधित शब्दाजवळ ठेवा’ या सल्ल्याचं ‘संबंधित शब्दाआधी ठेवा’ असं करून टाकलं. ‘जवळ’ म्हणजे अलीकडेही आणि पलीकडेही, हे मधल्या मध्ये गळून पडलं. बरं, लाउथचा मूळ आक्षेपही इंग्रजांनी फारसा मनावर घेतला नाही. 1926 साली इंग्रजीच्या वापराचा कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलरने ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’ अशा वाक्यांची बाजू घेतली होती. अर्थाचा घोटाळा होत नसेल तर उगाच ‘ओन्ली’ हलवत बसू नका, असा त्याचा कल होता. आजही रोजच्या बोलण्यातली सर्वांत सवयीची जागा क्रियापदाआधीचीच आहे: ‘आय ओन्ली ड्रिंक टी’.

बोलताना हे खपतं, कारण आघात मदतीला असतो. ‘शी ओन्ली लेंट द बुक टू मीना’ या वाक्यात ‘बुक’वर जोर दिला तर पुस्तकच दिलं, वही दिली नाही. ‘मीना’वर जोर दिला तर मीनालाच दिलं. ‘लेंट’वर दिला तर उसनंच दिलं, भेट म्हणून नाही. शब्द जागचा हलत नाही, आवाज हलतो. ‘ओन्ली’ वाक्यातल्या ठसक्याशी जोडलं जातं हे भाषाशास्त्रज्ञ रे जॅकेनडॉफ यांनी 1972 साली मांडलं आणि मॅट्स रूथ यांनी 1985 च्या आपल्या प्रबंधात त्याचा अर्थशास्त्रीय हिशेब पुरा केला. (अर्थशास्त्रीय म्हणजे शब्दार्थाचा; पैशाचा नव्हे.) कागदावर मात्र आवाज नसतो. मग लिहिणाऱ्यापुढे दोन वाटा उरतात: ‘ओन्ली’ त्या शब्दाच्या लगेच आधी ठेवणं किंवा लगेच नंतर ठेवणं. दोन्ही वाटा खुल्या आहेत आणि कित्येक ठिकाणी दुसरीच बरी पडते.

का बरी पडते ते ‘चिल्ड्रन’वर बघा. ‘चिल्ड्रन ओन्ली’ म्हणजे फक्त मुलांसाठी. ‘ओन्ली चिल्ड्रन’ अशी पाटी लावली तर वाचणाऱ्याच्या मनात आधी येतात ती एकुलती एक मुलं. कारण इंग्रजीत ‘ओन्ली’ हे विशेषणही आहे: ‘ओन्ली चाइल्ड’ म्हणजे भावंडं नसलेलं मूल. शब्दाचं मूळही तिथेच आहे. जुन्या इंग्रजीतला ‘आनलिक’ म्हणजे ‘एकासारखा’, ‘एकमेव’. नामाआधी आलं की ‘ओन्ली’ हे विशेषणाचं सोंग घेऊ शकतं; नामानंतर आलं की तो रस्ता बंद होतो आणि मर्यादा एवढाच अर्थ उरतो. दोन-तीन शब्दांच्या, क्रियापद नसलेल्या मजकुरात हे फार सोयीचं पडतं. शिवाय नाम आधी आलं की वाचणाऱ्याला आपल्याबद्दल बोलणं चाललंय की नाही ते पहिल्याच शब्दात कळतं.

आकड्यांत हा फरक आणखी लख्ख दिसतो. ‘अ रूम फॉर ओन्ली टेन पीपल’ म्हटलं की खोली लहान आहे, कशीबशी दहा माणसं मावतात, असा सूर लागतो. ‘फॉर टेन पीपल ओन्ली’ म्हटलं की दहा ही हद्द, अकराव्याला बंदी. पहिल्यात ‘कमी आहे’ असं मत आहे, दुसऱ्यात नियम आहे. काळाचंही तसंच. ‘ओन्ली यस्टरडे’ म्हणजे अगदी कालच, फार दिवस झाले नाहीत. ‘यस्टरडे ओन्ली’ म्हणजे काल एकच दिवस, आज नाही आणि परवाही नव्हतं. आपल्याकडे ‘ही केम यस्टरडे ओन्ली’ हे ‘तो कालच आला’ या अर्थी सर्रास म्हटलं जातं आणि इंग्रज कानाला ते ‘तो एक दिवसच आला होता’ असं ऐकू जातं. इथे लाल शाई वापरायला आमची हरकत नाही. पण शेरा ‘जागा चुकली’ असा नको, ‘अर्थ बदलला’ असा हवा. कारण त्याच विद्यार्थ्याने ‘द शॉप इज ओपन ऑन संडेज ओन्ली’ लिहिलं तर ते शुद्ध आहे, आणि पहिल्या शेऱ्यामुळे तो तेही मोडून ठेवील.

आता नामानंतरच्या ‘ओन्ली’चा खरा दोष. हा शब्द तिरळा आहे. वाक्याच्या शेवटी किंवा पाटीच्या शेवटी असेल तर त्याच्या पलीकडे काहीच नसतं, म्हणून तो निमूट मागे बघतो. मधे आला की त्याची एक नजर अलीकडे, एक पलीकडे. ‘मेंबर्स ओन्ली मे यूज द पूल’ हे वाक्य घ्या. सभासदांनाच पोहण्याचा तलाव वापरता येईल, हा एक अर्थ. सभासदांना तलावच वापरता येईल, बाकी काही नाही, हा दुसरा. लिहिणाऱ्याच्या मनात पहिला असतो आणि वाचणारा आपल्या सोयीने दुसरा काढू शकतो. कर्त्यावर मर्यादा असताना ‘ओन्ली’ कर्त्यानंतर आणि क्रियापदाआधी ठेवू नये, हा एकच नियम पाठ केला तरी निम्मी भांडणं मिटतील. कर्त्याला मर्यादा घालायची तर ‘ओन्ली मेंबर्स मे यूज द पूल’, किंवा नामानंतरच घालायची हौस असेल तर ‘मेंबर्स अलोन’.

‘अलोन’ हा या घरातला फार गुणी शब्द आहे. ‘ऑल’ आणि ‘वन’ मिळून तो झाला, म्हणजे ‘पुरता एक’. नामाला लागून आला की ‘केवळ’, वाक्याच्या शेवटी गेला की ‘एकट्याने’. ‘शी अलोन कॅन लिफ्ट इट’ म्हणजे तीच उचलू शकते, दुसऱ्या कुणाची टाप नाही. ‘शी कॅन लिफ्ट इट अलोन’ म्हणजे ती एकटी उचलू शकते, मदत लागत नाही; दुसरे कुणी उचलू शकतात की नाही याबद्दल वाक्य काही बोलत नाही. ‘ओन्ली’च्या इतर भावंडांना मात्र ही सवलत नाही. ‘जस्ट’, ‘मिअरली’, ‘सिंपली’ हे नामानंतर बसून त्याला मर्यादा घालू शकत नाहीत. ‘स्टाफ जस्ट’ अशी पाटी जगात कुठे सापडायची नाही. ‘एक्सक्लुझिव्हली’ आणि ‘सोलली’ बसतात, पण कोट घालून बसल्यासारखे.

तिरळेपणाची दुसरी खोड वेळेच्या पाट्यांत दिसते. ‘परमिट होल्डर्स ओन्ली मंडे टू फ्रायडे’ हा मजकूर एका ओळीत लिहिला तर काय समजायचं? सोमवार ते शुक्रवार फक्त परवानाधारकांनी गाडी लावावी, शनिवारी कुणीही लावा? की परवानाधारकांनी फक्त सोमवार ते शुक्रवारच लावावी? ब्रिटनमधल्या पाट्यांवर ‘परमिट होल्डर्स ओन्ली’ आणि वार-वेळ वेगवेगळ्या ओळींत असतात, आणि तेवढ्याने ‘ओन्ली’ची पलीकडची नजर झाकली जाते. ओळ मोडणं ही इथे सजावट नाही, ते विरामचिन्ह आहे. ईमेलमध्ये किंवा सूचनापत्रात ओळ मोडता येत नसेल तर पूर्णविराम द्यावा: ‘परमिट होल्डर्स ओन्ली.’ मग पुढचं वाक्य.

उलट बाजूही सांगायला हवी. जिथे मजकुरात एकच नाम आहे तिथे जागेने काही बिघडत नाही. अमेरिकेतल्या रस्त्यांवर रंगवायच्या अक्षरांचा नियम असा आहे की एकाहून जास्त ओळी असतील तर त्या गाडी जाईल त्या दिशेने वाचल्या जाव्यात, म्हणजे पहिला शब्द चालकाच्या सर्वांत जवळ. कागद वाचायच्या सवयीने वरून खाली पाहिलं तर वर ‘ओन्ली’ आणि खाली ‘बस’ दिसतं. ‘बस ओन्ली’ वाचा की ‘ओन्ली बस’ वाचा, गल्ली बसचीच राहते. (‘स्टॉप अहेड’चं मात्र ‘अहेड स्टॉप’ होतं आणि क्षणभर डोकं खाजवावं लागतं.)

आपली गडबड कुठे होते ते आता पाहू. मराठीत ‘च’ला शालेय व्याकरण शुद्ध शब्दयोगी अव्ययांत बसवतं, ‘ही’, ‘देखील’, ‘सुद्धा’ यांच्या पंगतीत. त्याची दोन वैशिष्ट्यं आहेत. एक, तो नेहमी आधीच्या शब्दाला चिकटतो. त्याची नजर कधी पलीकडे जात नाही. ‘रमानेच सरांना दोन पेनं दिली’, ‘रमाने सरांनाच दोन पेनं दिली’, ‘रमाने सरांना दोनच पेनं दिली’, ‘रमाने सरांना दोन पेनंच दिली’: चार जागा, चार अर्थ, शंकेला वाव नाही. पण पाचवी जागा घेतली की खेळ बदलतो. ‘रमाने सरांना दोन पेनं दिलीच.’ इथे काय वगळलं? काहीच नाही. इथे ‘च’ने काम केलं ते ठासून सांगण्याचं: दिल्याशिवाय राहिली नाही. हे त्याचं दुसरं वैशिष्ट्य. ‘च’ वगळतोही आणि ठासतोही.

हा भेद आपल्याकडे सातव्या शतकातच बारकाईने मांडून झाला आहे. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्तीने संस्कृत ‘एव’ची तीन कामं सांगितली. ‘पार्थ एव धनुर्धरः’: पार्थच धनुर्धर, म्हणजे दुसरा कुणी त्या तोडीचा नाही. याला अन्ययोगव्यवच्छेद म्हणतात. दुसऱ्याशी असलेला संबंध तोडायचा. ‘चैत्रो धनुर्धर एव’: चैत्र (हे माणसाचं नाव) धनुर्धरच, म्हणजे तो धनुर्धर नाही ही शंकाच नको. हा अयोगव्यवच्छेद, संबंध नसल्याची शक्यता तोडायची. आणि ‘नीलं सरोजं भवत्येव’: निळं कमळ असतंच, म्हणजे कधीच नसतं असं नाही. हा अत्यंतायोगव्यवच्छेद. ‘एव’ कर्त्याला लागला, विधेयाला लागला की क्रियापदाला, यावर काम ठरतं. मराठी ‘च’ने ही तिन्ही कामं जशीच्या तशी उचलली आहेत, वरची तिन्ही भाषांतरं करताना ‘एव’च्या जागी ‘च’ ठेवण्यापलीकडे काही करावं लागलं नाही.

इंग्रजी ‘ओन्ली’ यांपैकी पहिलंच काम करतं. दुसऱ्या कामाला लावलं तर ते उलटतं. ‘चैत्र इज ओन्ली अन आर्चर’ म्हणजे चैत्र काय, नुसता तिरंदाज आहे! कौतुक करायला गेलो आणि पाणउतारा झाला. ‘चैत्र इज अन आर्चर ओन्ली’ म्हटलं तरी तिरंदाजीपलीकडे त्याला काही येत नाही असाच अर्थ निघतो. तिसऱ्या कामाला लावलं, ‘ब्लू लोटसेस एक्झिस्ट ओन्ली’, तर वाक्यच कोसळतं. आता ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’ या बदनाम वाक्याकडे पाहा. ‘तो तसाच आहे’ हा अयोगव्यवच्छेद आहे. तसा नसण्याची शक्यता तो तोडतोय, इतर कुणाला वगळत नाही. इंग्रजीने त्या कामासाठी ‘ओन्ली’ नेमलेलंच नाही. वाक्य चुकलं ते इथे. ‘ओन्ली’ उचलून आधी ठेवलं, ‘ही इज ओन्ली लाइक दॅट’ केलं, म्हणून ते सुधारत नाही. आणि वर्गात नेमकी हीच दुरुस्ती सांगितली जाते!

मग या ‘च’चं इंग्रजीत काय करायचं? त्याच्या प्रत्येक कामाला इंग्रजीत वेगळा माणूस आहे. ‘इथेच’ म्हणजे ‘राइट हिअर’. ‘आत्ताच’ म्हणजे ‘जस्ट नाऊ’. ‘तसाच’ला ‘जस्ट लाइक दॅट’, आणि स्वभावाबद्दल म्हणायचं तर ‘दॅट्स जस्ट हाऊ ही इज’. ‘त्याच दिवशी’ला ‘द व्हेरी सेम डे’. ‘येणारच’ला ‘विल’वर जोर, किंवा ‘डेफिनिटली’. ‘असतंच’, ‘केलंच’ अशा क्रियापदावरच्या ‘च’ला ‘डू’ आणि ‘डिड’: ‘ब्लू लोटसेस डू एक्झिस्ट’, ‘शी डिड गिव्ह देम’. सर्वांत फसवा तो ‘तूच तर म्हणालास’मधला. इथे दुसरं कुणी म्हणालं नाही यापेक्षा म्हणणारा तू होतास हे बोट दाखवून सांगायचं आहे. ‘ओन्ली यू सेड इट’ने काम होत नाही, त्याला वाक्यच फोडावं लागतं: ‘इट वॉज यू हू सेड इट.’ एवढी यादी फळ्यावर लिहिली तर ‘ओन्ली’ने चालवलेली निम्मी बेकायदा कामं त्याच दिवशी थांबतील.

एक आक्षेप ठरलेला आहे. भारतातलं इंग्रजी आता आपलंच आहे, कोट्यवधी लोक बोलतात, मग इंग्रजांच्या कानाची फिकीर कशाला? यात तथ्य आहे. क्लाउडिया लांगे यांनी 2007 साली आंतरराष्ट्रीय इंग्रजी संग्रहातल्या (देशोदेशीच्या इंग्रजीचे नमुने जमवलेल्या) भारतीय भागाचा अभ्यास मांडला, त्यात हे ठासणारं ‘ओन्ली’ आणि त्याचा जोडीदार ‘इटसेल्फ’ (‘टुडे इटसेल्फ’मधला) सुशिक्षितांच्या बोलण्यात पक्के रुजलेले दिसतात. अडाणीपणाचं ते लक्षण नाही. आपसात बोलताना ते वापरावं, त्यात लाज कसली. पण लिखाणात, आणि तेही वाचणारा अनोळखी असताना, ‘वगळतोय की ठासतोय’ हा प्रश्न वाचणाऱ्यावर सोडून चालत नाही. काही कागदांवर तर त्यावर जीव आणि पैसा टांगलेला असतो.

व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरवरचं औषध शिरेतून देतात. चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात दिलं गेलं तर रुग्ण बहुधा दगावतो. अशा चुका वारंवार झाल्या म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली इशारा काढला. त्याच्या मथळ्याचा अर्थ असा होता की हे औषध लहान सलाइन पिशवीतून शिरेवाटेच द्यावं, आणि इंग्रजीत तिथे ‘शुड ओन्ली बी गिव्हन इंट्राव्हीनसली व्हाया अ मिनीबॅग’ असं होतं. ‘ओन्ली’ क्रियापदाजवळ, म्हणजे नजर कुठवर जाते ते वाचणाऱ्याने ठरवायचं: शिरेपर्यंत की पिशवीपर्यंत? मथळ्यात ते चालून गेलं, कारण दोन्ही अर्थ सोबतच हवे होते. पिशवीचा आग्रह यासाठी की सिरिंज दिसली की ती कण्यात टोचली जाऊ शकते, पिशवी कुणी कण्यात टोचायला जात नाही. लेबलासाठी सुचवलेला मजकूर मात्र निराळा होता: ‘फॉर इंट्राव्हीनस यूज ओन्ली’, आणि लगेच ‘फेटल इफ गिव्हन बाय अदर रूट्स’. ‘ओन्ली’ नामानंतर, त्यापुढे काही नाही, आणि काय वगळलं ते दुसऱ्या वाक्यात उघड. ‘ओन्ली’ काय वगळतं ते स्वतः कधी बोलत नाही, वाचणाऱ्याला ताडायला लावतं. जिथे ताडण्यात चूक परवडत नाही तिथे वगळलेली गोष्ट वेगळी लिहावी. ‘बाह्य वापरासाठी फक्त’ किंवा ‘फक्त बाह्य वापरासाठी’ यावर वाद घालण्यापेक्षा ‘पोटात घेऊ नये’ ही पुढची ओळ जास्त माणसं वाचवते.

पैशाच्या कागदांवर नामानंतरचं ‘ओन्ली’ कायद्यात जाऊन बसलं आहे. भारताच्या 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमातल्या (चेक, हुंडी वगैरेंच्या कायद्यातल्या) 50 व्या कलमाखाली उदाहरण आहे: ‘पे द कंटेंट्स टू सी ओन्ली’. अशा कागदावर इतकं लिहून सही केली की सी नावाचा माणूस तो कागद पुढे आणखी कुणाच्या नावे करू शकत नाही. तिथे ‘पे ओन्ली टू सी’ असं नाही, नाम झाल्यावर ‘ओन्ली’ आहे. ब्रिटनची गोष्ट अधिक मजेची. तिथे 1992 च्या चेकविषयक कायद्याने ‘अकाउंट पेयी’ असं रेखांकन केलेला चेक हस्तांतरणीय नाही असं ठरवलं, आणि त्यासोबत ‘ओन्ली’ हा शब्द असो वा नसो, असंही लिहून ठेवलं. चेकवर वर्षानुवर्षं लोक ‘ओन्ली’ लिहीत आले, आणि संसदेने ते फुकट ठरवलं, पण चुकीचं ठरवलं नाही.

रकमेनंतरचं ‘ओन्ली’ तर वेगळ्याच जातीचं आहे. ‘रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली’ यात पाचशे थोडे आहेत असं कुणी म्हणत नाही, आणि इतर कुणाला वगळतही नाही. ते कुंपण आहे: इथे अक्षरं संपली, पुढे कुणी ‘अँड नाइंटी’ जोडू नये. मराठीत ‘अक्षरी रुपये पाचशे फक्त’ लिहितो तेही असंच. ‘फक्त’ हा अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आला. उर्दू पत्राच्या तळाशी आजही ‘फ़क़त’ लिहितात, म्हणजे ‘इतकंच, संपलं’. एरवी मराठीत ‘फक्त’ नामाआधी येतो, ‘फक्त पाचशे’. अक्षरी रकमेत तेवढा तो शेवटी जातो. ‘फक्त पाचशे रुपये’ अशी अक्षरी रक्कम लिहिली तर कुंपण दाराच्या बाहेर न घालता घराच्या मागे घातल्यासारखं होईल, कारण पाचशेनंतरची मोकळी जागा तशीच उघडी राहील.

मर्यादेच्या शब्दांचा स्वभावच असा फिरता आहे. संस्कृत ‘मात्र’ शब्दाच्या शेवटी येऊन ‘क्षणमात्र’, ‘नाममात्र’मध्ये ‘केवळ’ होतो आणि ‘मनुष्यमात्र’मध्ये एकदम ‘झाडून सगळे’. आणि सुटा आला की मराठीत तो ‘पण’ होऊन बसतो: ‘मी मात्र गेलो नाही’. तिन्ही ठिकाणी शब्द नामानंतरच आहे, जागा काही सांगत नाही.

म्हणून शाळेतल्या त्या ठरावीक प्रश्नावर, ‘ओन्ली योग्य जागी घालून वाक्य पुन्हा लिहा’, आमचा आक्षेप आहे. त्याला एकाहून जास्त बरोबर उत्तरं असतात आणि आदर्श उत्तरपत्रिकेत एकच धरलेलं असतं. त्याऐवजी वाक्य द्यावं आणि विचारावं: यातून कोण किंवा काय वगळलं गेलं? ‘विझिटर्स मे पार्क हिअर ऑन संडेज ओन्ली’ याचं उत्तर ‘इतर सहा दिवस’. ‘ओन्ली विझिटर्स मे पार्क हिअर ऑन संडेज’ याचं ‘पाहुणे नसलेले सगळे, रविवारी’. ‘विझिटर्स ओन्ली मे पार्क हिअर’ याला दोन उत्तरं येतात, आणि विद्यार्थ्याने दोन्ही लिहिली तर पूर्ण गुण द्यावेत. ‘आय वॉज हिअर ओन्ली’ याचं उत्तर ‘काहीच वगळलं नाही’ असं जो लिहील, त्याला ‘राइट हिअर’ शिकवायला मग एक मिनिट पुरतं.